ग्रामोफोनचालित टेपरेकॉर्डर

ग्रामोफोनचालित टेपरेकॉर्डर हे स्वतःची मोटर नसलेले आणि ग्रामोफोन किंवा रेकॉर्ड प्लेअरच्या फिरत्या थाळीपासून गती घेणारे घरगुती ध्वनिमुद्रण यंत्र होय. ते प्रामुख्याने विसाव्या शतकाच्या मध्यास, म्हणजे चुंबकीय ध्वनिमुद्रणाची कला प्रयोगशाळा व आकाशवाणी केंद्रे यांतून बाहेर पडून सामान्य घरांकडे येत होती त्या काळात, प्रचारात आले. ब्रिटनमध्ये विकले गेलेले ‘ग्रामडेक’ हे या प्रकारातील सर्वांत परिचित यंत्र आहे. घरी आधीच असलेली मोटर, विवर्धक आणि ध्वनिक्षेपक यांचाच उपयोग करून टेपरेकॉर्डर स्वस्त करणे, हे या यंत्रामागील मुख्य सूत्र होते. याच सूत्रामुळे ते अनेकांच्या आवाक्यात आले. आणि उसन्या गतीच्या मर्यादाही त्याला याच सूत्रामुळे स्वीकाराव्या लागल्या. या यंत्रांवर मुद्रित झालेल्या फिती आज ऐकताना किंवा जतन करताना त्या मर्यादांची माहिती असणे आवश्यक ठरते.

या लेखात ‘तबकडी’ हा शब्द ध्वनिमुद्रिकेसाठी, ‘थाळी’ हा शब्द ती जिच्यावर ठेवून फिरवली जाते त्या टर्नटेबलसाठी आणि ‘फीत’ हा शब्द चुंबकीय टेपसाठी वापरला आहे.

पार्श्वभूमी

चुंबकत्वाच्या साहाय्याने ध्वनी साठविण्याचे पहिले यशस्वी यंत्र डेन्मार्कचे अभियंते व्हाल्डेमार पाउलसेन यांनी १८९८ मध्ये तयार केले. त्यात पोलादी तारेचा वापर होता. १९२८ मध्ये जर्मनीतील फ्रिट्झ फ्लॉइमर यांनी कागदी पट्टीवर चुंबकीय चूर्णाचा लेप देण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. एईजी कंपनीने या कल्पनेवर आधारलेले ‘मॅग्नेटोफोन’ हे यंत्र १९३५ मध्ये बर्लिन येथील रेडिओ प्रदर्शनात मांडले. पुढे वाल्टर वेबर आणि हान्स योआखिम फॉन ब्राउनम्यूल यांनी मुद्रणाच्या वेळी उच्च कंप्रतेचा प्रत्यावर्ती प्रवाह मिसळण्याची पद्धत वापरात आणली. त्यामुळे फितीवरील खरखर व विकृती कमालीची घटली.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे तंत्र जर्मनीबाहेर पोहोचले. अमेरिकन अभियंते जॅक मुलिन यांनी १९४६ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथे मॅग्नेटोफोनचे प्रात्यक्षिक दाखविले, आणि १९४८ पासून अँपेक्स कंपनीची यंत्रे अमेरिकेतील नभोवाणी केंद्रांत आली. घरगुती वापरासाठी ब्रश कंपनीचे ‘साउंडमिरर’ याच सुमारास बाजारात आले. तथापि अशी यंत्रे जड व महाग होती. एकसारख्या गतीने फिरणारी मोटर, तिला स्थैर्य देणारे गतिपालचक्र, व्हॉल्व्हवर चालणारा विवर्धक, ध्वनिक्षेपक आणि विद्युतपुरवठ्याची जोडणी या सर्वांचा खर्च त्यांत समाविष्ट असे.

ज्या घरात विजेवर चालणारा रेकॉर्ड प्लेअर होता, त्या घरात यांतील बहुतेक घटक आधीच उपलब्ध होते. थाळीखाली मोटर होती, थाळीच्या वजनामुळे गतीला काहीसे स्थैर्य मिळत होते, आणि विवर्धक व ध्वनिक्षेपकही जोडलेलेच होते. नव्हते ते केवळ फीत धरून ठेवणारी रिळे, ध्वनी उमटविणारे व वाचणारे हेड आणि हेडमधील क्षीण संकेत वाढविणारे लहानसे मंडल. एवढेच भाग स्वतंत्रपणे विकावेत, ही कल्पना त्यातून निघाली.

पूर्वीची यंत्रे

फिरत्या थाळीचा चुंबकीय मुद्रणासाठी उपयोग करण्याचा प्रयत्न प्रथम तारमुद्रकांत झाला. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रेडिओ, तबकडीवादक आणि तारमुद्रक एकाच पेटीत असलेली यंत्रे विकली जात. सिअर्स कंपनीच्या ‘सिल्व्हरटोन’ नावाने विकल्या गेलेल्या एका प्रकारात तबकडीची थाळी आणि तार गुंडाळून घेणारा ढोल हे एकच अंग होते. केसासारखी बारीक, सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीची पोलादी तार हेडमधून जाऊन या ढोलावर गुंडाळली जाई.

या रचनेत तारेला नियत गती देणारा वेगळा रूळ नव्हता. त्यामुळे ढोलावर तारेचे थर चढत जात तसतसा परीघ वाढून तारेचा वेगही किंचित वाढत असे. तीच तार त्याच यंत्रावर ऐकताना वेगातील हा बदल जसाच्या तसा पुन्हा घडे, म्हणून तो कानाला जाणवत नसे. दुसऱ्या आकाराच्या ढोलावर ती तार ऐकली असता मात्र आवाजाची पट्टी बदललेली आढळे. पुढे ग्रामोफोनचालित टेपरेकॉर्डरच्या बाबतीतही हाच अनुभव आला.

नभोवाणी केंद्रांसाठी प्रेस्टो या अमेरिकन कंपनीने १९५० च्या दशकाच्या आरंभी ‘टीएल-१०’ हे जोडयंत्र काढले. केंद्रातील मोठ्या थाळीवर ते बसविले की तिच्या गतीवर फीत ऐकविता येई. मुद्रणाची सोय त्यात नव्हती. सोव्हिएत संघातही त्या दशकात ‘एमपी-१’ नावाचे, रेकॉर्ड प्लेअरच्या मोटरवर चालणारे घरगुती जोडयंत्र तयार होत होते. एकच कल्पना निरनिराळ्या देशांत स्वतंत्रपणे अंगीकारली गेली, याचे कारण सर्वत्र सारखेच होते: मोटर महाग होती आणि ती अनेक घरांत आधीच होती.

ग्रामडेक

ग्रामडेक हे यंत्र लंडनमधील अँड्र्यू मेरिफील्ड लिमिटेड या कंपनीने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात विक्रीस आणले. त्याच्या जाहिरातींचा रोख साधा होता: आपल्याकडे ग्रामोफोन असेल, तर नवा टेपरेकॉर्डर घेण्याचे कारण नाही.

यंत्राचे दोन भाग होते. पहिला भाग म्हणजे दोन रिळे, हेड आणि फितीचा मार्ग असलेला सपाट पाट. तबकडी ठेवावी तसा तो थाळीच्या मधल्या खुंटीवर बसविला जाई. दुसरा भाग म्हणजे ट्रान्झिस्टर व बॅटरीवर चालणारी लहान नियंत्रक पेटी. व्हॉल्व्हच्या मानाने ट्रान्झिस्टरला अल्प वीज लागते आणि त्याची उष्णताही कमी असते. त्यामुळेच ही पेटी छोटी ठेवणे आणि तिला घरातील विजेशी न जोडणे शक्य झाले. काम संपल्यावर पाट उचलून ठेवला की ग्रामोफोन पुन्हा तबकड्या वाजविण्यास मोकळा होई.

रचना व कार्य

अशा यंत्रात फितीचा प्रवास पुरवठ्याच्या रिळापासून सुरू होतो. तेथून ती हेडवरून सरकते, गतिदायक रूळ आणि त्याला चिकटून असलेला रबरी रूळ यांच्यामध्ये पकडली जाते आणि शेवटी दुसऱ्या रिळावर गुंडाळली जाते. गतिदायक रुळाला कॅप्स्टन म्हणतात. साध्या टेपरेकॉर्डरमध्ये कॅप्स्टन हा मोटरने फिरविलेला बारीक दंड असतो. ग्रामोफोनचालित यंत्रात त्याला थाळीकडून गती मिळते.

मुद्रण करताना मायक्रोफोन किंवा रेडिओकडून येणारा संकेत नियंत्रक पेटीत वाढविला जातो व हेडकडे पाठविला जातो. ऐकताना याच्या उलट घडते. फितीवरून हेडमध्ये निर्माण होणारा संकेत काही मिलिव्होल्ट इतकाच असतो. त्या काळच्या रेकॉर्ड प्लेअरमधील स्फटिकाची पिकअप मात्र याच्या शेकडोपट संकेत देत असे आणि विवर्धकाची रचना त्यानुसार केलेली असे. म्हणून फितीवरील संकेत थेट ग्रामोफोनच्या विवर्धकाला जोडून चालत नसे. तो आधी नियंत्रक पेटीत वाढवावा लागे. खर्जातील स्वरांचा संकेत हेडमध्ये क्षीण उमटतो, त्यामुळे त्यांना अधिक उठाव देण्याचे कामही तेथेच होई.

जुने मुद्रण पुसण्यासाठी चांगल्या टेपरेकॉर्डरमध्ये उच्च कंप्रतेचा प्रवाह वापरला जातो. स्वस्त जोडयंत्रांत त्याऐवजी कायम चुंबक फितीजवळ आणण्याची युक्ती योजली जाई. ती बिनखर्चाची असली तरी पुसलेल्या फितीवर एकाच दिशेचे चुंबकत्व शिल्लक राहून पार्श्वभूमीची खरखर वाढत असे.

वेगाचे गणित

घरगुती फितीचे प्रचलित वेग सेकंदाला साडेसात इंच (१९.०५ सेंटिमीटर) आणि पावणेचार इंच (९.५३ सेंटिमीटर) हे होते. जुन्या तबकड्यांसाठी थाळी मिनिटाला ७८ फेरे घेत असे, म्हणजे सेकंदाला १.३ फेरे. थाळीबरोबर थेट फिरणाऱ्या रुळाने साडेसात इंचांचा वेग द्यावयाचा असेल, तर त्याचा परीघ सुमारे १४६.५ मिलिमीटर आणि व्यास सुमारे ४६.६ मिलिमीटर असावा लागतो. एवढ्या आकाराचा रूळ थाळीच्या मध्यावर सहज मावतो. ७८ फेऱ्यांचा वेग या यंत्रांना सोयीचा ठरण्यामागे हे एक कारण आहे.

१९५० च्या दशकातील रेकॉर्ड प्लेअरांवर ४५ व ३३⅓ फेऱ्यांचीही सोय असे. तोच रूळ ४५ फेऱ्यांवर फितीला सेकंदाला सुमारे ११ सेंटिमीटर, तर ३३⅓ फेऱ्यांवर सुमारे ८.१ सेंटिमीटर वेग देतो. हे दोन्ही वेग प्रचलित मानकांत बसत नाहीत. पावणेचार इंचांसाठी मिनिटाला ३९ फेरे हवेत, आणि तशी सोय रेकॉर्ड प्लेअरवर नसते. कमी वेगावर फीत अधिक काळ पुरते, परंतु उच्च स्वर कमी स्पष्ट उमटतात आणि ती फीत दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर नीट ऐकता येत नाही.

साडेसात इंचांच्या वेगाने १,२०० फूट लांबीची फीत एका बाजूस ३२ मिनिटे चालते. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीवर एका बाजूस तीन मिनिटांच्या आसपासच ध्वनी मावत असे. घरातील बोलणे, एखादे भाषण किंवा नभोवाणीवरील संपूर्ण कार्यक्रम अखंड मुद्रित करणे त्यामुळे प्रथमच सुकर झाले.

मर्यादा

थाळीची गती अचूक असेल, हे या यंत्राचे गृहीतक होते. प्रत्यक्षात साध्या रेकॉर्ड प्लेअरांतील गती क्वचितच अचूक असे. फीत ओढण्याचा अतिरिक्त भार पडल्यावर हलक्या मोटरचा वेग थोडा उतरे. थाळी ७८ ऐवजी ७६ फेऱ्यांनी फिरली, तर फरक सुमारे अडीच टक्के, म्हणजे जवळजवळ पाव स्वराइतका पडतो. सहा टक्क्यांच्या फरकाने आवाज अर्ध्या स्वराने वर किंवा खाली सरकतो.

यात एक महत्त्वाचा भेद आहे. थाळीची गती कायम एकाच प्रमाणात चुकत असेल, तर त्याच यंत्रावर मुद्रित करून त्याच यंत्रावर ऐकताना चूक आपोआप फिटते, आणि घरच्या श्रोत्याला ती कधीच कळत नाही. याउलट, थाळी एका फेऱ्यातच कमीजास्त वेगाने फिरत असेल, तर तो दोष फिटत नाही. मुद्रणातील हेलकाव्यात ऐकतानाचा हेलकावा मिसळतो आणि पियानोसारख्या वाद्याचे लांबलेले सूर डुलू लागतात. रबरी चाकावर पडलेला खळगा, किंचित वाकलेली थाळी किंवा मध्यावर नीट न बसलेला पाट ही त्याची नेहमीची कारणे होत. बोलण्याच्या मुद्रणात हा दोष फारसा खटकत नाही. संगीतात तो तत्काळ जाणवतो.

दुसरी अडचण विजेच्या गुणगुणीची होती. मोटरभोवतीचे प्रत्यावर्ती चुंबकीय क्षेत्र हेडपर्यंत पोहोचून ब्रिटनमध्ये ५० हर्ट्झचा खालचा सूर ध्वनीत मिसळे. जाड पोलादी थाळी या क्षेत्राला काहीसा अडसर करी, परंतु हेड थेट मोटरच्या वर आल्यास गुणगुण वाढे.

थाळी एकाच दिशेने फिरत असल्यामुळे फीत उलट गुंडाळण्याचे काम मोटरकडून सहजासहजी होत नसे. ते हाताने करावे लागे किंवा त्यासाठी वेगळी यांत्रिक योजना करावी लागे. चावीच्या ग्रामोफोनवर हे यंत्र समाधानकारक चालणे शक्य नव्हते. त्याची कमान तबकडीच्या एकदोन बाजू वाजेपर्यंतच पुरते आणि फीत ओढण्याचा सततचा भार तिला पेलत नाही.

यंत्राची सर्वांत ठळक विसंगती अशी की, ग्रामोफोनवरच बसणारे हे यंत्र त्या ग्रामोफोनवरील तबकडी मात्र मुद्रित करू शकत नसे. थाळी फितीच्या कामी गुंतलेली असल्याने तबकडी वाजविण्यासाठी दुसरा रेकॉर्ड प्लेअर लागे. सिल्व्हरटोनच्या तारमुद्रकात तार गुंडाळणाऱ्या ढोलावरच तबकडी ठेवता येत असल्याने ही अडचण नव्हती.

उपयोग

घरगुती टेपरेकॉर्डरचा उपयोग मुख्यत्वे तीन कामांसाठी होत असे: कुटुंबीयांचे आवाज साठविणे, नभोवाणीवरील कार्यक्रम मुद्रित करणे आणि दूरच्या आप्तांना ‘बोलकी पत्रे’ पाठविणे. फितींची देवाणघेवाण करणाऱ्या हौशी लोकांच्या संघटना १९५० च्या दशकात अनेक देशांत निर्माण झाल्या होत्या. ‘वर्ल्ड टेप पाल्स’ ही त्यांपैकीच एक होय.

पहिल्या दोन कामांसाठी ग्रामोफोनचालित यंत्र पुरेसे होते, कारण मुद्रण आणि श्रवण एकाच थाळीवर होई. तिसऱ्या कामात मात्र त्याची उणीव उघडी पडे. पाठविणाऱ्याची थाळी मंद फिरत असेल, तर दुसऱ्या ठिकाणच्या अचूक यंत्रावर तोच आवाज चढा व घाईने बोलल्यासारखा ऐकू येई. थाळीचा वेग तपासण्यासाठी रेषांकित तबकडी वापरली जाई. ५० हर्ट्झच्या विजेवरील दिवा सेकंदाला शंभर वेळा उजळतो. त्याच्या प्रकाशात ७७ रेषांची तबकडी ७७.९२ फेऱ्यांवर स्थिर भासते. रेषा पुढे किंवा मागे सरकताना दिसल्या की वेग चुकला असे समजावे.

लोप

ग्रामोफोनचालित टेपरेकॉर्डरचा काळ अल्प ठरला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये बीएसआर व कोलॅरो या कंपन्यांनी मोटरसह संपूर्ण टेपडेक मोठ्या संख्येने बनविण्यास आरंभ केला. निरनिराळे उत्पादक ते विकत घेऊन आपापल्या पेट्यांत बसवू लागले, त्यामुळे स्वतंत्र टेपरेकॉर्डरची किंमत उतरली. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात कॅसेट सादर केली. तिच्यासोबत बॅटरीवर चालणारी लहान मोटर आली आणि मोटर उसनी घेण्याचे मूळ कारणच संपले.

याच काळात पाश्चात्त्य देशांत ७८ फेऱ्यांच्या तबकड्या मागे पडल्या आणि पुढे अनेक नव्या रेकॉर्ड प्लेअरांवरून तो वेगही वगळला गेला. भारतात या तबकड्या अधिक काळ टिकल्या. १९६० च्या दशकात बीटल्सची गाणीही येथे ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर निघाली होती.

जुन्या फिती व त्यांचे जतन

ही यंत्रे आता मुख्यतः संग्राहकांकडे आढळतात. त्यांच्यावर मुद्रित झालेल्या फितींचे महत्त्व मात्र यंत्रांपेक्षा अधिक आहे. घरगुती मुद्रणाला ऐतिहासिक मूल्य कसे येते, याचे प्रसिद्ध उदाहरण बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या दूरचित्रवाणी मालिकेचे आहे. तिच्या १९६० च्या दशकातील अनेक भागांच्या चित्रफिती नष्ट झाल्या, परंतु प्रेक्षकांनी घरोघरी टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतलेल्या ध्वनीमुळे त्या भागांचे संवाद व संगीत टिकले. कौटुंबिक फितींच्या बाबतीत तर दुसरी प्रत कोठेही नसते. दिवंगत आप्तांचा आवाज बहुधा त्या एकाच रिळावर असतो.

अशी फीत मूळ यंत्रावर ऐकणे धोक्याचे ठरू शकते. अनेक दशकांनंतर रबरी रूळ कडक किंवा चिकट झालेला असतो, हेडमध्ये चुंबकत्व साचलेले असू शकते, आणि पुसण्याचा कायम चुंबक फितीच्या मार्गाजवळ असल्यास मुद्रणच नष्ट होण्याची भीती असते. त्या काळातील ॲसिटेट पायाच्या फिती ठिसूळ होतात व खराब होताना त्यांना सिरक्यासारखा आंबट वास येतो. अशा फितींना ताण देणे टाळावे लागते. म्हणून सुस्थितीतील आधुनिक रीळ-यंत्रावर फीत एकदाच वाजवून तिचे अंकीय मुद्रण करून घेणे श्रेयस्कर मानले जाते.

त्या वेळी मूळ वेगाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. फीत साडेसात इंचांच्या वेगाने मुद्रित झाली असे गृहीत धरले, तरी जुन्या थाळीची चूक तिच्यात उतरलेली असते, आणि ती थाळी आता उपलब्ध नसते. अशा प्रसंगी मुद्रणातील दोषच मार्गदर्शक ठरतात. ब्रिटनमधील फितीवर मुद्रणाच्या वेळी मिसळलेली विजेची गुणगुण ५० हर्ट्झची असावयास हवी. ती ५१ हर्ट्झ आढळली, तर थाळी सुमारे दोन टक्के मंद फिरत होती आणि अंकीय मुद्रणाचा वेग तेवढ्या प्रमाणात कमी केला पाहिजे, असे अनुमान निघते. नभोवाणीवरील मुद्रणात बीबीसीचे वेळदर्शक ठोके सापडल्यास त्यांतील एका सेकंदाचे अंतर मोजूनही पडताळा घेता येतो. आवाजातील हेलकावा सेकंदाला १.३ वेळा, म्हणजे दर ०.७७ सेकंदाला एकदा, नियमित येत असेल, तर फीत ७८ फेऱ्यांच्या थाळीशी संबंधित असण्याची दाट शक्यता असते. हा हेलकावा थाळीच्या प्रत्येक फेऱ्याची खूण होय.

वेगाची ही दुरुस्ती न केल्यास शब्द समजतात, पण बोलणाऱ्याचा आवाज त्याचा वाटत नाही. दुरुस्ती केल्यावर तो मूळ पट्टीत ऐकू येतो. त्यामुळे फीत कोणत्या प्रकारच्या यंत्रावर मुद्रित झाली, याची नोंद रिळासोबत ठेवणे हा तिच्या जतनाचाच भाग समजला जातो.